माती सुधारली हे दाखवायचं कशावरून? रिजनरेटिव्ह शेतीच्या डिजिटल नोंदी

नागपूरच्या कळमना बाजारातून हिशोबपट्टी हातात आली की त्या मालाचा हिशोब मिटतो. वजन, भाव, हमाली-तोलाई, हाती येणारी रक्कम, सगळं एका कागदावर असतं. रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीतली कमाई अशी पट्टीवर छापून येत नाही. नांगरट कमी केली, जमीन झाकली, पिकं वाढवली, तर त्याचा परिणाम सेंद्रिय कर्बात (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणाऱ्या कार्बनमध्ये), पाणी मुरण्याच्या वेगात आणि विहिरीच्या पातळीत दिसतो, तोही सावकाश. नागपूरच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्बातला फरक खात्रीने सांगायला चार-पाच वर्षं सहज लागतात. तेवढ्या काळात बियाणं बदलतं, पाऊसमान बदलतं, सालदार बदलतो, हातातला मोबाइलही बदलतो.

म्हणून या शेतीच्या नोंदींना एकच कसोटी लावावी. पाचव्या वर्षीचा आकडा पहिल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून दोन्हींची तुलना करता येते का? येत नसेल तर महागडं ॲप असूनही नोंदी वाया गेल्या. येत असेल तर साधी गुगल शीटसुद्धा पुरते.

आधी प्लॉट ठरवा

नोंद शेतकऱ्याच्या नावाने नको, नुसत्या गट नंबरानेही नको. ती प्लॉटची हवी. ज्या तुकड्यात माती साधारण सारखी, ओलिताची सोय एक आणि पीकपद्धत एक, तो एक प्लॉट. एकाच गटात खालच्या अंगाला भारी काळी आणि वरच्या धुऱ्याकडे मुरमाड जमीन असेल तर ते दोन प्लॉट झाले. काटोल-नरखेड भागातल्या संत्राबागेत जुनी झाडं आणि नवी लागवड वेगळी धरा. ठिबकवरची बाग आणि दांडाने पाणी दिलेली बागही वेगळी.

प्लॉटचं नाव गट नंबरावरून ठेवावं, जसं ११२-अ, ११२-ब. ‘नाल्याकडचं वावर’ घरातल्यांना कळतं, पण वाटणी झाली, ठोका-बटईने दुसऱ्याकडे गेलं की घोळ होतो. शिवाय सातबारा आणि २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी गटावरच चालतात, त्यामुळे पुढे दोन्हींशी मेळ घालता येतो. एकदा दिलेलं नाव दुसऱ्या तुकड्याला देऊ नका. ११२-अ मधोमध फोडला तर ते नाव बंद करा, ११२-क आणि ११२-ड काढा, आणि ते कशातून निघाले ते लिहून ठेवा.

क्षेत्राची चूक सगळ्यात महागात पडते, कारण पुढचा प्रत्येक ‘एकरी’ आकडा तिच्यावर उभा असतो. सातबारावर हेक्टर-आर असतात. १ एकर म्हणजे ४०.४७ आर. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वजा करून प्रत्यक्ष लागवडीखालचं क्षेत्र धरा. मोबाइल घेऊन धुऱ्यावरून चालत क्षेत्र मोजणारी ॲप सोयीची आहेत, पण मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलचा जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतो, झाडांखाली त्याहून जास्त. एक एकराच्या चौकोनाची बाजू सुमारे ६४ मीटर असते. तिची एकच कड ५ मीटर सरकली तरी क्षेत्रात जवळपास ८ टक्क्यांची चूक होते. लहान प्लॉटसाठी उपग्रहाच्या चित्रावर धुरा पाहून रेषा काढणं किंवा टेपने मोजणं बरं.

शक्य असेल तर अर्ध्या एकराचा एक पट्टा जुन्याच पद्धतीने करत राहा आणि त्यालाही प्लॉटचं नाव द्या. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्यांचंच पीक वाढतं. त्या वाढीतला किती वाटा पावसाचा आणि किती पद्धतीचा, हे सांगायला दुसरा साक्षीदार नसतो.

दोन तक्ते पुरे

पहिला तक्ता प्लॉटचा. यात प्रत्येक प्लॉटची एक ओळ: नाव, गट, क्षेत्र, मातीची खोली, ओलिताचं साधन, नवी पद्धत कोणत्या वर्षापासून. हा तक्ता क्वचितच बदलतो.

दुसरा तक्ता नोंदींचा, आणि रोजचं काम इथेच होतं. नियम असा, की एक ओळ म्हणजे एक तारीख, एक प्लॉट, एक काम. रकाने आठ: तारीख, प्लॉट, कामाचा प्रकार, काय वापरलं किंवा काय मोजलं, किती, एकक, आकडा कसा मिळाला, शेरा. एक ओळ अशी दिसेल: १२ ऑगस्ट २०२५, ११२-अ, फवारणी, निंबोळी पूड, १०, किलो, मोजलं, ‘५ टक्के अर्क, २०० लिटर पाणी, पान खाणारी अळी’. त्याच दिवशी तीन प्लॉटवर फवारणी झाली तर तीन ओळी लिहाव्यात आणि माल क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यावा.

महिन्यांचे रकाने आडवे काढून त्यात ‘२ वखरण्या, १ फवारणी’ असं भरणं दिसायला सुटसुटीत वाटतं. त्यातून पुढे काहीच काढता येत नाही. एका खान्यात दोन गोष्टी असल्या की शीट त्यांची बेरीज करत नाही, तारखेने लावत नाही, प्लॉटने गाळत नाही. खाने एकत्र जोडणं आणि रंगाने अर्थ सांगणं हेही टाळा.

सातवा रकाना, आकडा कसा मिळाला, बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. त्यात तीनच शब्द असावेत: मोजलं, अंदाज, आठवण. शेणखताची ट्रॉली अंदाजाने ‘तीन टन’ लिहिली आणि पुढच्या वर्षी धरमकाट्यावर मोजली, तर हे दोन आकडे एका तोलाचे नाहीत हे पाच वर्षांनी त्या शब्दावरूनच कळेल.

एककं सुरुवातीलाच पक्की करा. बंडी, ट्रॉली, टोपलं, ड्रम ही गावातली मापं लिहायला हरकत नाही, पण प्रत्येकाचं एकदा वजन करून ते प्लॉटच्या तक्त्याखाली नोंदवा. शेणखत ओलं होतं की वाळलेलं, हेही लिहा. त्यावर वजन फार बदलतं. चांगल्या शेणखतात नत्र साधारण ०.५ टक्के धरलं तर ५ टनांतून २५ किलो नत्र जमिनीत जातं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो असतं. शेणखतातलं सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही, तरी ‘युरिया निम्मा केला’ म्हणताना एकूण नत्र किती घटलं हे या हिशोबातून निघतं. जीवामृतासारख्या द्रावणाची कृती रोज लिहू नका. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. तुमचं नेमकं प्रमाण एकदा ‘कृती १’ म्हणून लिहा. रोजच्या ओळीत फक्त ‘कृती १, २०० लिटर’. प्रमाण बदललं की ‘कृती २’.

नेमकं काय नोंदवायचं

सगळंच लिहायला घेतलं की पोळ्यापर्यंत उत्साह टिकतो, मग वही बंद होते. रिजनरेटिव्ह शेतीची तत्त्वं पाच: माती कमी हलवणं, ती झाकलेली ठेवणं, पिकांची विविधता, जमिनीत जिवंत मूळ जास्त दिवस राहणं आणि जनावरांची जोड. प्रत्येकाला एक आकडा दिला की काम आटोपतं. नांगरणी, वखरणी, रोटाव्हेटर, डवरणी मिळून वर्षाच्या किती पाळ्या झाल्या. जमीन किती टक्के झाकली होती. धुऱ्यावरची झाडं धरून किती पिकं होती. किती दिवस जिवंत मूळ होतं. किती शेण-मूत्र आलं किंवा किती जनावरं किती दिवस बसवली.

मुळांचे दिवस पेरणी-काढणीच्या तारखांवरून आपोआप निघतात. सोयाबीनचे सुमारे १०० दिवस आणि त्यामागच्या हरभऱ्याचे १०५ ते ११० मिळून जमीन वर्षातले दीडशेच्या वर दिवस रिकामी राहते, आणि त्यातले बरेचसे मार्च ते जून या रणरणत्या महिन्यांतले. सोयाबीनमध्ये तूर घेतली की मूळ डिसेंबर-जानेवारीपर्यंत टिकतं. हा बदल आकड्यात लगेच उमटतो.

झाकण मोजायला दोरी पुरते. लांब दोरीला समान अंतरावर ५० गाठी मारा, तासांना तिरपी ताणा, आणि किती गाठींच्या नेमकं खाली कुटार, पऱ्हाटीचे तुकडे, पालापाचोळा किंवा हिरवं पान आहे ते मोजा. संख्येला दोनने गुणलं की टक्के मिळाले. प्लॉटमध्ये तीन ठिकाणी करून सरासरी घ्या. वर्षातून तीनदा बास: मेच्या मध्यात, पेरणीनंतर आठ दिवसांनी, ऑक्टोबरअखेर. पेरणीनंतर ३० टक्क्यांवर झाकण राहिलं तर धूप ठळकपणे कमी होते. तो आकडा नजरेसमोर ठेवण्यासारखा आहे.

माती: इथे घाई नको

माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब टक्क्यांत येतो. ०.४५ चा ०.५० झाला की आनंद होतो, पण त्या फरकाची पाच तरी कारणं असू शकतात आणि त्यातलं फक्त एक ‘माती सुधारली’ हे आहे.

पहिलं कारण नमुना. एका प्लॉटमधून ८ ते १० जागांची माती घ्या, व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची चकती काढा, सगळी एकत्र कालवून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलोवर आणा, सावलीत वाळवा. धुरा, उकिरडा, झाडाखालची जागा, पाणी साचतं तो कोपरा टाळा. आच्छादन केलेल्या वावरात वरचा काडीकचरा बाजूला सारूनच खणा. तो पिशवीत गेला की कर्ब फुगून दिसतो, आणि आपल्या पद्धतीच्या शेतात नेमकी हीच चूक जास्त होते. संत्र्याच्या बागेत सगळे नमुने झाडाच्या घेराखालून घ्या किंवा सगळे दोन ओळींमधून, मिसळू नका. ८-१० जागांचं मोबाइलवरचं ठिकाण जपून पुढच्या खेपेला त्यांच्या आसपासच खणा.

दुसरं कारण प्रयोगशाळेची पद्धत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. तिच्यात सगळा सेंद्रिय कर्ब जळत नाही, साधारण तीन-चतुर्थांश जळतो, म्हणून आकडा सहसा १.३ ने गुणतात. तुमच्या अहवालात तो गुणलेला आहे की नाही हे विचारून शेऱ्यात लिहा. दुसरी पद्धत माती उच्च तापमानाला जाळून एकूण कर्ब मोजते. नागपूरच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते आणि चुनखडीतही कर्ब असतो. तो वजा न करता आकडा दिला तर सेंद्रिय कर्ब अचानक वाढल्यासारखा दिसेल. म्हणून प्रयोगशाळा आणि पद्धत दोन्ही एकच ठेवा. बदलावीच लागली तर एका वर्षी तीच माती दोन्हींकडे पाठवा.

तिसरं कारण प्रयोगशाळेचा स्वतःचा चढउतार. तो किती हे समजायला एकाच कालवलेल्या मातीच्या दोन पिशव्या वेगवेगळ्या नावांनी द्या. दोन उत्तरांत ०.०५ चा फरक आला, तर पुढे वर्षावर्षांत दिसणारा ०.०५ चा फरक बदल म्हणून मोजू नका. एका जास्तीच्या नमुन्याच्या खर्चात मिळणारी ही माहिती फार मोठी आहे.

चौथं कारण मातीची घनता. जमिनीत एकूण किती कर्ब साठला हे काढायचं तर टक्के, घनता आणि खोली यांचा गुणाकार करावा लागतो. ०.४५ टक्के, घनता १.३५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी ९.११ टन. माती भुसभुशीत होऊन घनता १.२५ वर आली आणि कर्ब ०.५० झाला तर हेक्टरी ९.३८ टन. टक्का ११ ने वाढला, पण त्या खोलीतला साठा जेमतेम ३ टक्क्यांनी. मातीत कर्ब (कार्बन) साठवल्याबद्दल कार्बन प्रकल्पांतून मिळणारे पैसे साठ्यावर ठरतात, म्हणून हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

घनता मोजायला ५ सेंटिमीटर व्यासाची, ५ सेंटिमीटर उंच धातूची कडी मातीत सरळ ठोकून, दोन्ही तोंडं सपाट करून काढतात. तिच्यात ९८ घन सेंटिमीटर माती मावते. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजन करायचं आणि ९८ ने भागायचं. काळ्या मातीत इथे एक अडचण आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात भेगा पडलेल्या जमिनीतलं ढेकूळ घट्ट लागेल, ऑक्टोबरमध्ये तीच माती हलकी लागेल. सोयाबीन निघाल्यावर, ओल मध्यम असताना घनता मोजा आणि दरवर्षी तोच काळ धरा. सुपीकतेचा नमुना मेमध्ये पेरणीआधी घेतला तरी चालतो, मात्र तोही दरवर्षी मेमध्येच.

आणि दर सहा महिन्यांनी कर्ब तपासू नका. पहिल्या वर्षी एकदा नीट, मग तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. मधल्या काळात गांडुळं मोजा: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन ओली असताना, एक फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातली, प्लॉटमध्ये पाच जागी. ही संख्या कर्बापेक्षा कितीतरी लवकर हलते.

पाणी

मुरण्याचा वेग मोजायला १५ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा निम्मा मातीत ठोका. आत प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर ४४० मिलिलिटर पाणी ओता, कागद अलगद ओढा आणि पाणी नाहीसं व्हायला लागणारा वेळ मोबाइलवर मोजा. एवढं पाणी म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस. पहिल्यांदा ओतलेलं पाणी भेगांतून आणि कोरड्या मातीत झटकन जातं, त्यामुळे दुसऱ्यांदा ओतलेल्या पाण्याचा वेळ नोंदवा. मोठ्या भेगा असताना ही चाचणी करूच नका.

पर्जन्यमापक स्वतःच्या शेतात असावा. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस आणि तुमच्या वावरातला पाऊस एकच असेल असं नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी ४,०४७ लिटर पाणी. विहिरीची पातळी काठावर रंगाची एक खूण करून तिथूनच, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पंप सुरू करण्याआधी सकाळी मोजा. ठिबकवर ‘ताशी ४ लिटर’ लिहिलेलं असलं तरी ड्रिपरखाली भांडं ठेवून पाहा. १५ मिनिटांत १ लिटर भरलं नाही तर तो कचऱ्याने किंवा क्षाराने बुजतो आहे आणि तुमची पाण्याची नोंद फुगलेली आहे.

उत्पादन

कापसाची वेचणी किलोवर असते, तेव्हा रोज वजन होतंच. तेच आकडे घ्या, फक्त गाठोडी प्लॉटवार वेगळी ठेवा. सकाळच्या दवातला कापूस जड भरतो, म्हणून वजन शक्यतो दुपारनंतरचं. सोयाबीनचं वजन ओलाव्यासकट लिहा आणि १२ टक्क्यांवर आणा: १०० वजा ओलावा, भागिले ८८, गुणिले वजन. १६ टक्के ओलाव्याचं ९०० किलो सोयाबीन म्हणजे ८५९ किलो. संत्र्याची बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली की उत्पादनाची नोंद त्याच्याबरोबर निघून जाते. तोडणीच्या दिवशी कॅरेट मोजा, आठ-दहा कॅरेटचं वजन करून सरासरी काढा, आणि आंबिया व मृग बहार वेगळे लिहा.

मोबाइलमध्ये काय बिघडतं

शीटमध्ये देवनागरी अंक भरले की ते बहुधा मजकूर म्हणून बसतात आणि बेरीज शून्य येते. शेरे मराठीत, अंक मात्र इंग्रजी कीबोर्डचे, हा नियम करा. फाइलचं लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं राहिलं तर ५/७ ही तारीख ७ मे होते आणि १५/७ तारीखच राहत नाही. सेटिंगमध्ये भारत निवडा. ‘सोयाबीन’, ‘सोयाबिन’ आणि ‘सोया’ ही शीटला तीन पिकं वाटतात, म्हणून प्लॉट, काम, पीक आणि एकक यांसाठी निवडीची यादी लावा. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाण गळून जातं. मूळ फोटो ड्राइव्हवर ठेवा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेटवर्क नसलेल्या वावरासाठी शीट आधीच ऑफलाइन उघडी ठेवता येते.

शेतकरी गटाला किंवा उत्पादक कंपनीला कोबोटूलबॉक्सचा फॉर्म सोयीचा. तो नेटवर्कशिवाय भरतो आणि नंतर माहिती एका जागी जमा होते. फार्मओएस आणि लाइटफार्म ही खास शेतीची मोफत साधनं आहेत. त्यांची रचनाही मुळात ‘कशावर’ आणि ‘काय घडलं’ अशीच आहे, त्यामुळे वरचे दोन तक्ते नीट असले तर पुढे तिकडे जाणं जड जात नाही. कोणतंही ॲप घेण्याआधी सगळ्या नोंदी सीएसव्ही (कोणत्याही शीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची) फाइल म्हणून बाहेर काढता येतात का ते करून बघा. येत नसतील तर ते घेऊ नका.

ज्यांना नोंदी दाखवायच्या आहेत

सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर एनपीओपीमध्ये (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात) हंगामी पिकांसाठी पेरणीआधी २ वर्षं आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीआधी ३ वर्षं रूपांतराची, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे येण्याची असतात. पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. दोन्हीकडे निविष्ठांची बिलं, बियाण्याच्या पाकिटांचे फोटो आणि शेजारच्या फवारणीपासून राखलेल्या पट्ट्याची नोंद लागते. बीटी कापसाला सेंद्रियमध्ये जागा नाही, त्यामुळे कापसाच्या पाकिटाचा लॉट नंबरासह फोटो पेरणीच्या दिवशीच काढा.

कार्बन प्रकल्पवाले सहीआधी विचारतात ते मागचं. नवी पद्धत सुरू होण्याआधीच्या, साधारण ३ वर्षांच्या काळात त्या प्लॉटवर काय पिकत होतं, किती नांगरट होती, किती खत पडत होतं? हे आत्ताच गोळा करा. कृषी केंद्राची जुनी बिलं, ट्रॅक्टरवाल्याच्या वहीतल्या पाळ्या, सातबारावरची पीकनोंद, बाजाराच्या पट्ट्या. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, दर १० मीटरला एक ठिपका, म्हणजे एकराला सुमारे ४०. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे ती निकामी असतात, पण कोणत्या महिन्यात जमीन उघडी होती हे ऑक्टोबर ते मेच्या चित्रांवरून कळतं. कागद नसलेल्या गोष्टी घरच्यांना विचारून भरा आणि त्या ओळींपुढे ‘आठवण’ लिहा. करारावर सही करण्याआधी त्यात तुमच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या राहतील आणि करार संपल्यावर त्यांची प्रत तुम्हाला मिळेल का, ही दोन कलमं शोधा. ती नसतील तर लेखी घालून घ्या.